आधीचं तूप पचलं का

वैद्य तसा तिरसट माणूस. दवाखान्यात कुणी फार शहाणपण शिकवायला लागलं, की त्याचं ठरलेलं वाक्य यायचं, "आधी जीभ दाखवा." जिभेवर थर दिसला, म्हणजे आधीचं पचलेलं नाही, की तुपाचं नाव काढायचं नाही, हा त्याचा नेम. तूप अमृत खरं, पण विझलेल्या चुलीत ओतलं तर राखेचा नुसता लगदा होतो, हे तो येणाऱ्याजाणाऱ्याला ऐकवायचा.

आणि आता त्याच्याच थोरल्या भावाचं यकृत कामातून गेलं होतं.

थोरला कारखान्याच्या कँटीनमध्ये आचारी. उभा जन्म कढईपुढे गेला. कालच्या काळ्या तेलात आज नवं तेल ओतायचं, आणि उरलंसुरलं तळण उभ्याउभ्या तोंडात टाकायचं, हेच त्याचं जेवण. दारूला कधी शिवला नाही, तरी पोट फुगलं आणि डोळे पिवळे झाले. इस्पितळातल्या डॉक्टरीणबाईंनी ताबडतोब भरती व्हायला सांगितलं, तर गडी ऐकेना. घरात वैद्य असताना मी परक्याच्या हातून कशाला मरू, असं वर हसून म्हणाला. ते ऐकून वैद्याची छाती फुगली आणि पाचावर धारणही बसली. आईबाप गेल्यावर ह्याच माणसानं कढईपुढे उभं राहून त्याला वैद्य होईपर्यंत शिकवलं होतं.

तळण बंद झालं. पातळ पेज आणि कडू काढे सुरू झाले. भूक परतली असं वाटल्यावर वैद्यानं कडू औषधांत सिद्ध केलेलं तूप काढलं. ते चमच्यानं सुरू करून हळूहळू वाढवायचं, पण आधीचं पचून खरी भूक लागल्याशिवाय पुढचं माप द्यायचं नाही. म्हणून रोज सकाळी खालच्या दवाखान्यातून जिना चढून तो दादाच्या वरच्या खोलीच्या दारात उभा राहायचा आणि विचारायचा, "दादा, भूक लागली का?"

"कडकडून," दादा म्हणायचा, आणि वैद्य माप वाढवायचा.

जीभ त्यानं एकदाही पाहिली नाही. परक्यांवर डाफरणारा हा पठ्ठ्या, पण बापाच्या जागी असलेल्या माणसाला जीभ बाहेर काढ म्हणायचं कसं? हे आपलं वरवरचं कारण. खरं म्हणजे त्याला बघायचंच नव्हतं. दादाचं पोट ताणत चाललं, पायांवर सूज आली, तरी हा उगाच पोथ्या उलटीपालटी करत बसला. भूक आहे म्हणजे अग्नी आहे, अग्नी आहे म्हणजे माणूस वाचणार, एवढंच धरून तो दिवस ढकलत होता.

एका सकाळी वहिनीनं त्याला जिन्यातच अडवलं. तिचे डोळे रडून सुजले होते.

"भाऊजी, आज तूप देऊ नका," ती म्हणाली. मग तिनं सगळं सांगून टाकलं. तो खाली उतरला की दादा नळ सोडून ओकतो, दवाखान्यात आवाज जाऊ नये म्हणून. पेजेचा घोटही पोटात ठरत नाही. सांगशील तर माझी शपथ, असं दादानं तिला बजावलं होतं. आता शपथ सांभाळू की माणूस, असं ती त्यालाच विचारू लागली.

वैद्य आत गेला. भिंतीला टेकलेला दादा त्याच्या हातातली वाटी बघून ताठ बसला आणि म्हणाला, आज तर पोटात कावळे ओरडताहेत.

"दादा, जीभ दाखव."

दादानं दाराशी उभ्या असलेल्या बायकोकडे बघितलं, आणि मुकाट्यानं जीभ बाहेर काढली. तिच्यावर पिवळट, जाड थर बसला होता. वैद्याच्या हातून वाटी कलंडली आणि तूप चादरीवर पसरलं.

"का रे असं केलंस?"

"तू दारात उभा राहून विचारायचास ना," दादा म्हणाला, "तेव्हा तुझं तोंड निकालाला उभ्या राहिलेल्या पोरासारखं व्हायचं. मला तुला नापास करवेना."

वैद्याला स्वतःच्याच थोबाडीत मारावीशी वाटली. त्यानं गाडी बोलावली आणि दादाला हाताला धरून उतरवलं. ह्या खेपेला दादानं नको म्हटलं नाही.

इस्पितळात त्यानं डॉक्टरीणबाईंना काय दिलं, किती दिलं, सगळं सांगितलं. जीभ पाहिली नव्हती, हेही सांगितलं. त्या रागावल्या नाहीत, त्याचाच त्याला जास्त त्रास झाला. फार उशीर झालाय, आम्ही प्रयत्न करतो, असं म्हणून त्या दुसऱ्या खाटेकडे वळल्या.

दुपारी जेवणाची गाडी आली. वैद्य खाटेशी बसला होता. तोंडात बसलेला प्रश्न आपसूक बाहेर पडला.

"दादा, भूक लागली का?"

दादानं सवयीनं तोंड उघडलं. मग तो धाकट्याच्या तोंडाकडे बघत राहिला.

"नाही रे," तो म्हणाला. "अजिबात नाही."

वैद्यानं ताट बाजूला सारलं, भावाचा हात कपाळाला लावला आणि सगळ्या वॉर्डदेखत ढसाढसा रडला.