टॅकेटबाईंच्या अंगणाचा उतार

लेलंड केसलर पालथा पडला होता. गाल मातीला टेकवून तो टॅकेटबाईंच्या मागच्या अंगणाचा उतार पाहत होता.

“बाबा, ऊठ आता. शेजारीण अँब्युलन्स बोलावेल,” त्याची मुलगी डार्सी म्हणाली.

“बोलावू दे. तिच्याही दारातली हिरवळ मीच घातलीय.” लेलंड गुडघ्यावर हात देऊन उठला. “झकास! भिंतीपासून गल्लीपर्यंत सरळ उतार. फिरव रोलर.”

ओहायोच्या त्या गावात अडतीस वर्षे हा माणूस लोकांच्या दारात हिरवळ अंथरत आला होता. अंथरणे तसे सोपे; खरी कसोटी खालच्या जमिनीची. जुने गवत मुळांसकट खरवडायचे, माती भुसभुशीत करून खत कालवायचे, खडे वेचायचे, दंताळ्याने सारखे करायचे, पायवाटेपेक्षा इंचभर खालीच ठेवायचे आणि मग बूट जेमतेम रुतेल इतका रोलर फिरवायचा. हे सगळे मेहनतीने जमते. उतार मात्र नजरेचा, आणि लेलंडच्या नजरेचा गावात मोठा बोलबाला होता. तो स्वतःही त्यात मीठमसाला घालायला कमी करत नसे.

टॅकेटबाईंना हिरवळीची हौस नव्हती. दर वसंतात बर्फ वितळले की पाणी त्यांच्या तळघरात शिरे, आणि तळघरात त्या गोधड्या शिवत. यंदा भाचीच्या लग्नासाठी शिवलेली गोधडी, दोन वर्षांचे काम, रात्रीत कुजकट पाण्यात गेली. म्हणून भिंतीलगत माती चढवून सारे अंगण गल्लीकडे उतरते करायचे होते.

दुपारी बारा वाजता हिरवळीच्या, म्हणजे मातीसकट कापून गुंडाळलेल्या गवताच्या, वळकट्यांचा ट्रक आला. डार्सी पुढच्या बाजूला माल उतरवून घ्यायला गेली. अंथरण्याआधी माती ओली करावी लागते, म्हणून लेलंडने नळी हातात घेतली.

पाणी थोडा वेळ होते तिथेच थांबले. मग त्याची एक बारीक धार निघाली आणि सरळ घराच्या भिंतीकडे गेली. लेलंडने नळी दुसरीकडे धरली. दुसरी धारही पहिलीच्या मागोमाग गेली. अंगणाच्या मध्यावर माती फुगली होती आणि भिंतीपाशी बशीसारखा खोलगट भाग राहिला होता.

त्याने नळी बंद केली. आजूबाजूला कोणी नव्हते. चार वाजेपर्यंत सगळे हिरवेगार झाकले गेले असते आणि पुढच्या मार्चपर्यंत, बर्फ वितळेपर्यंत, कोणाला पत्ता लागला नसता. मार्चमध्ये म्हणता आले असते, माती बसली, बाई, माती बसतेच. मनात आले खरे. त्याला स्वतःची शरम वाटली आणि भीतीही वाटली, कारण उतार सुधारता आला असता, पण ज्याने तो चुकला ते सुधारेल की नाही कोण जाणे.

तो पुढे गेला. “डार्सी, उतार घराकडे आहे.”

“चेष्टा पुरे, बाबा. ट्रक रिकामा करू दे.”

“चेष्टा नाही करत. मला दिसत नाही गं नीट. यंदाच्या मार्चपासून डोळ्यांपुढे धुकं आहे.”

डार्सीने हातातली वळकटी खाली टाकली. “मार्चपासून? आणि रोज सकाळी गाडी चालवून येतोस तू? त्या शाळेसमोरून?”

“हळू येतो.”

“हळू येतो म्हणे! डॉक्टरला दाखवलंस?”

“तो म्हणेल, काम बंद.”

डार्सीने ट्रककडे पाहिले. “वळकट्या संध्याकाळपर्यंतच टिकतील. आतून तापल्या की पिवळ्या पडतात, हे तुला मी शिकवायला नको. चल.”

टॅकेटबाई दारात आल्या. “काय झालं, केसलर?”

“माझी चूक झाली, बाई. उतार पुन्हा काढतो. गवत आजच अंथरून होईल, फक्त त्या वळकट्यांच्या ढिगावर सावली पाहिजे.”

बाईंनी जास्त विचारले नाही. घरातून जुन्या चादरी आणल्या, भिजवल्या आणि ढिगावर पांघरल्या.

डार्सीने गाडीतल्या आपल्या सीटमागून गोणपाटात गुंडाळलेल्या खुंट्या, दोरी आणि पाणसळ काढली. दोन वर्षे तिने ती तिथे दडवून ठेवली होती, बाबाला अपमान वाटेल म्हणून. लेलंडने गोणपाटाकडे पाहिले आणि खुंट्या उचलल्या.

मधली माती फावड्याने भिंतीकडे ओढली. तासभर दोघांच्या अंगाला घामाच्या धारा लागल्या. मग दोरी ताणली. डार्सीने तिच्यावर पाणसळ अडकवली आणि दुसऱ्या टोकाच्या खुंटीकडे जाता जाता सवयीने म्हणाली, “बुडबुडा मध्ये आला का बघ.”

लेलंड वाकला. काचेत एकाच्या जागी तीन बुडबुडे तरंगत होते. “तूच बघ,” तो म्हणाला.

ती परत आली, आणि दोरीच्या टोकाला तो जाऊन उभा राहिला. ती म्हणे वर, तो वर धरी. ती म्हणे बास, तो तिथे खूण करी. पातळीत आलेल्या दोरीपासून माती गल्लीकडे किती खाली जाते हेही तिनेच मोजले. पुन्हा दंताळे, पुन्हा रोलर, पुन्हा पाणी. या वेळी पाणी गल्लीकडे निघाले. शेवटची वळकटी कुंपणाला भिडवली तेव्हा सात वाजत आले होते.

टॅकेटबाई ओल्या चादरी पिळून घडी घालत होत्या. “या वेळी उतार तुम्ही स्वतः पाहिलात ना, केसलर? तुम्ही पाहिलंत की मला घोर नाही.”

डार्सी नळी गुंडाळत होती. तिचा हात थांबला.

“मी नाही पाहिला,” लेलंड म्हणाला. “माझ्या मुलीने पाहिलाय. तळघरात खुशाल गोधडी मांडा, बाई.”