राहिलेली दोन कडवी

दीपमालाचा आवाज अकोल्यात फाटला आणि अमरावतीला तिच्या आधी पोचला. काय करता, मोबाईलचे दिवस! ती, तिचे वडील किसनराव आणि नवरा अश्विन असे तिघं परतताना मूर्तिजापूरला चहा घेत बसले होते, तेवढ्यात अश्विनच्या फोनवर त्याच्या ऑफिसातल्या कोणी तरी तो व्हिडिओ पाठवला. खाली हसून हसून डोळ्यांत पाणी आलेले तीन पिवळे चेहरे. अश्विननं फोन घाईघाईनं खिशात घातला. पण दीपमालानं नवऱ्याचं तोंड पाहिलं आणि तिला समजायचं ते समजलं.

झालं असं. वडिलांची पेटी, नवऱ्याची ढोलक आणि दीपमालाचा गळा, अशी ही घरचीच गायन पार्टी. एरवी दीपमाला नांदगाव खंडेश्वरकडच्या एका जिल्हा परिषद शाळेत मास्तरीण. पण एप्रिल आला, भीमजयंतीचे मंडप पडले, की तिघांना घरात दोन घास नीट जेवायला सवड नसायची. आज बडनेरा, उद्या दर्यापूर, परवा अकोला.

अकोल्यात त्यांच्या आधी गीतांजली नावाची एक मुलगी गाऊन गेली. वय कोवळं, आवाज सरळ आभाळात. लोकांनी मंडप डोक्यावर घेतला. आता शहाण्या माणसानं काय करावं? आपलं गाणं आपल्या जागी गावं. पण दीपमालाला तेव्हाच ठसन चढली. ती वडिलांच्या कानाशी वाकली आणि म्हणाली, "बाबा, काळी पाच घ्या."

"तुही पट्टी काळी चार हाय," किसनराव म्हणाले.

"घ्या म्हनते ना!"

किसनरावांनी घेतली, रोजच्या पट्टीपेक्षा वरची. गाणं त्यांनीच लिहिलेलं होतं, त्यांच्या आईवर, मनकर्णाबाईवर. ती कापसाच्या जिनात कामाला होती. चार कडव्यांची गोष्टच होती ती. पहिल्या कडव्यात माय लेकराच्या हाती पाटी देते आणि जिनाला जाते. ते छान झालं. मग आलं दुसरं:

भोंगा वाजला जिनाचा, सांज झाली काळी,
माय नाही आली घरी, सुनी पडली आळी...

यातला 'घरी' वर नेऊन लांबवायचा असतो. दीपमालानं नेला, आणि तिथं आवाज टर्रकन फाटला, जुन्या धोतरासारखा. मागे उभ्या पोट्ट्यांत हशा पिकला, एकानं शिट्टी मारली. तिनं पुन्हा सूर धरायला पाहिलं तर घशातून नुसती हवा आली. मग ती काय करून बसली? माईक खाली सतरंजीवर ठेवला आणि मागच्या पायऱ्यांनी उतरून चालती झाली.

किसनराव बिचारे पेटीवर तोच तुकडा वाजवत राहिले, पोरगी येईल म्हणून. अश्विन ढोलकीवर ठेका धरून पायऱ्यांकडे पाहत राहिला. ती काही आली नाही. शेवटी मंडळाचे महादेवराव स्टेजवर आले आणि तांत्रिक अडचणीमुळे कार्यक्रम थांबवत असल्याचं त्यांनी जाहीर केलं. त्यावर पोट्टे आणखी हसले.

घरी आल्यावर दीपमाला म्हणाली, "आजपासून गानं बंद. मले कोनी इचारू नोका."

किसनराव समजूत घालणाऱ्यातले नव्हतेच कधी. ते म्हणाले, "आवाज फाटला, फाटू दे. मानसाचा गळा हाय. पन गानं अर्ध्यात टाकून उतरली, हे मले नाई पटलं."

"लोक हसून राहिले होते बाबा!"

"चार पोट्टे हसले. त्याइच्या पायी साऱ्या मंडपाले सोडून आली तू."

"तुमाले काय होते बोलाले! तुमचा चेहरा नाई त्या व्हिडिओत!" असं म्हणून ती रडायलाच लागली. मोठ्यानं, लहान पोरीसारखी. 

मग तिची आई, सुंदराबाई, स्वयंपाकघरातून बाहेर आल्या. अश्विनकडून त्यांना सगळं कळलं होतं. "जेवू द्या तिले आधी. आन् काहो, काळी पाच तुमी काहून धरली? पोरगी म्हनन विहिरीत जा, त जासान का?"

 किसनराव पेटीचा भाता बंद करून झाकणाची कडी लावत बसले.

पुढचे दिवस फार वाईट गेले. हसणाऱ्यांचं एक वेळ सोसतं हो, पण कीव करणारे जीव घेतात. शाळेत हेडमास्तरांनी तिला खडीसाखरेची पुडी दिली. शेजारच्या वर्गावरच्या बाई म्हणाल्या, "मॅडम, घसा बसला होता का?" घरमालकीण म्हणाली, "नजर लागली असन." दीपमाला सगळ्यांना हो हो म्हणायची, खडीसाखर तोंडात टाकायची आणि मनातल्या मनात त्यांच्या सात पिढ्या उद्धरायची. बडनेऱ्याचं आमंत्रण अश्विननं फोनवरून परत केलं, दर्यापूरचंही केलं. ढोलक कपाटावर गेली. आणि ती घरात भांडी घासतानासुद्धा गुणगुणेना, तेव्हा अश्विनला खरी काळजी वाटायला लागली.

एका दुपारी शाळेतून येऊन ती पंख्याखाली पडली होती. अनोळखी नंबरवरून फोन आला.

"दीपमाला बाई का?" पलीकडून म्हाताऱ्या बाईचा खणखणीत आवाज आला. "जय भीम. मी अकोल्यावून पार्वताबाई बोलून राहिली. महादेवरावाच्या मांगं लागून तुमचा नंबर घेतला. तुमी आमच्या मंडपात गायल्या ना?"

दीपमालाला वाटलं, आता ही घरबसल्या टोमणे मारणार. "जय भीम. हो, मीच ते," ती म्हणाली. "बोला."

"मले इतकंच सांगा बाई, ते माय घरी आली का नाई?"

"कोन माय?"

"अवो, तुमच्या गान्यातली! भोंगा वाजला, सांज झाली, माय नाई आली घरी, आन् तुमी त चालल्या गेल्या! आमी सहा-सात जनी बसूनच होतो. म्हटलं, पानी प्याले गेली असन, येईन वापस. मी बी जिनात होती ना बाई, उभी जिंदगी. आमच्यातली एक जन अशीच संध्याकाळी वापस नोती आली, मशीनच्या पट्ट्यात लुगडं अटकलं होतं तिचं. तुमी उतरून गेल्या तवापासून मले झोप नाई. त्या मायचं काय झालं?"

दीपमाला उठून बसली.  इतके दिवस तिच्या डोक्यात एकच होतं, की आपला आवाज फाटला, आपली फजिती झाली, आपल्याला लोक हसले. आपण एका बाईला अंधारात जिनाच्या वाटेवर सोडून आलो आणि कोणी तरी तिची वाट पाहत बसलं आहे, हे तिच्या ध्यानीमनीही आलं नव्हतं. तिला स्वतःची लाज वाटली. मंडपात वाटली होती ती वेगळी, आणि ही वेगळी.

"सांगू का मावशी, पुढं काय होते ते?"

"फोनवर नोको. बाकीच्या बायाइले मी काय सांगू, मले गाता थोडीच येते! तुमी येऊन म्हना."

"मावशी, माह्या आवाजाचं काई खरं नाई."

"तुमच्या आवाजाचं कोनी इचारून राहिलं का?" पार्वताबाई म्हणाल्या. "मी मायचं इचारून राहिली."

फोन ठेवला आणि दीपमालानं स्टूल घेऊन कपाटावरची ढोलक खाली काढली. अश्विन संध्याकाळी घरी आला तर ढोलक पुसून दिवाणावर ठेवलेली. त्यानं शहाणपणानं काहीही विचारलं नाही.

पण गोष्ट एवढी सोपी नव्हती. ती वडिलांच्या पेटीशी जाऊन बसली, काळी चार, आपली रोजची पट्टी धरली, आणि 'घरी' आला की गळा आवळायचा. ज्या पट्टीत ती वर्षानुवर्षं झोपेतही गायली असती, त्याच पट्टीत! कधी सूर लागे, कधी फाटे. ती चिडायची, पेटीवर हात आपटायची आणि पुन्हा म्हणायची. शाळेत जातायेता स्कूटीवर, तोंडाला ओढणी, वर हेल्मेट, आणि आतून 'माय नाही आली घरी'. सिग्नलला शेजारचा ऑटोवाला वाकून पाहायचा. पाहा म्हणावं. तिनं घरी सांगून टाकलं, "फाटो का राहो, मी बुद्धपौर्णिमेले अकोल्याले जाऊन राहिली. गानं पुरं करते म्हनजे करते."

"काळी तीन घेऊ का?" किसनरावांनी एकदा हळूच विचारलं. पोरीची दया त्यांना आली होती, पण तसं दाखवायचं नव्हतं.

"नाई. चारच. तेच माही हाय."

महादेवरावांना फोन केला तर ते चाचरले. "ताई, पौर्णिमेले आमचा कार्यक्रम सादा रायते. वंदना आन् खीरदान. गानं-गिनं नाई ठेवत. आन् मागच्या टायमाले पब्लिक..."

"पब्लिकचं मी पायते. खीर वाटाच्या आधी दहा मिनिटं द्या. माईक नसला तरी चालन."

"माईक देतो न ताई," महादेवराव ओशाळून म्हणाले.

निघायच्या दिवशी सकाळी तिनं ती ओळ शेवटची म्हणून पाहिली. फाटली. सुंदराबाईंनी डबा भरता भरता लेकीकडे पाहिलं. दीपमाला पाणी प्याली, तिनं पांढऱ्या साडीचा पदर खोचला आणि म्हणाली, "चला."

विहारासमोर तोच चौक, तेच स्टेज, तीच सतरंजी. पांढऱ्या साड्यांतल्या बाया दाटीवाटीनं बसलेल्या, एका कडेला खिरीचं मोठं गंज झाकून ठेवलेलं. आणि मागं भिंतीला टेकून तेच पोट्टे. दीपमाला माईक घेऊन बसली तशी त्यांच्यात कुजबुज झाली, एकानं दुसऱ्याला कोपर मारलं आणि तिसऱ्यानं मोबाईल वर धरला.  पायऱ्या मागंच होत्या. तिनं त्या एकदा पाहूनही घेतल्या.

मग ती माईकवर म्हणाली, "काढ भाऊ, व्हिडिओ काढ. पन आज पुरा काढजो. मांगच्या टायमाले मी गानं अर्ध्यात टाकून गेली होती. माही चुकी झाली. आज राहिलेलं म्हनाले आली."

 पुढच्या रांगेत जाड भिंगांचा चष्मा लावलेली एक सुकडी म्हातारी मांडी सावरून बसली. दीपमालानं न विचारताही ओळखलं, की याच पार्वताबाई.

पेटी वाजली, ढोलकीवर थाप पडली. भोंगा वाजला जिनाचा, सांज झाली काळी. 'माय नाही आली' इथपर्यंत आवाज स्वच्छ आला. पुढं 'घरी' घेतला, वर नेला, आणि तिथंच, नेमका तिथंच, आवाज फाटला.

मागून कोणी तरी खिदळलं.  हातातला माईक खाली ठेवावासा वाटला, इतका की मनगट खाली आलंसुद्धा. किसनराव मान वर करून पाहत नव्हते, पण त्यांचा भात्यावरचा हात थांबला नाही. तिनं पुढं पाहिलं. पार्वताबाई हसत नव्हत्या, हळहळतही नव्हत्या. त्या थोड्या पुढं सरकून बसल्या होत्या, तोंड अर्धवट उघडं, पुढची ओळ यायची वाट पाहत. दीपमालानं एक दम घेतला, मनगट वर आणलं आणि फाटलेला 'घरी' तसाच मागं टाकून पुढं निघाली:

हाका मारत फिरलो मी, पायी रुतले काटे,
कुणी म्हणे गेली असेल दुसऱ्याच वाटे...

"अगं माय," पार्वताबाई पुटपुटल्या. शेजारणीनं त्यांचा हात धरला. मागचा खिदळणारा आता गप्प होता. मोबाईल वरच होता, पण तो धरणाराही ऐकत होता. आवाज अजून कापत होता, खरखरत होता, आणि दीपमालाला त्याची फिकीर करायला वेळ नव्हता. तिला मायला शोधायचं होतं. मग शेवटचं कडवं आलं:

विहाराच्या ओट्यावर कंदील होता लावला,
माझ्या मायनं तिथं पहिला 'अ' गिरवला!

क्षणभर कोणालाच उमगलं नाही. मग बायांमधून एक मोठा सुस्कारा निघाला आणि पाठोपाठ टाळ्या. किसनरावांनी पेटीवरचा हात काढून डोळे पुसले. लहानपणी ते खरोखरच असे काट्याकुट्यांतून मायला शोधत गेले होते, आणि ती प्रौढांच्या वर्गात पाटी घेऊन बसलेली सापडली होती.

पार्वताबाई उभ्या राहिल्या. टाळ्या थांबायची वाट त्यांनी पाहिली नाही.

"म्हनजे शाळेत बसली होती ते?"

"हो मावशी. शाळेत बसली होती."

"काई झालं नोतं ना तिले?"

"काई नाई झालं. पुढं सही कराले शिकली. माही आजी होती ते."

पार्वताबाईंनी चष्मा काढला, पदरानं पुसला, पुन्हा लावला. "बरं झालं बाई," त्या म्हणाल्या. "महिना झाला, मले तिचा घोर होता." मग त्या खाली बसल्या, मांडी घातली आणि मागच्या बायांकडे हात करून म्हणाल्या, "आता पयल्यापासून म्हना. ह्या बाया त्या दिवशी नोत्या आल्या."

महादेवरावांनी खिरीच्या गंजावरचं काढलेलं झाकण पुन्हा ठेवलं. किसनरावांनी लेकीकडे पाहिलं. दीपमालानं माईक जवळ ओढला.

"काळी चार," ती म्हणाली.