आठव्या चेंडूच्या जागी

मित्रांनो, ओहायोतल्या एका लहानशा कॉलेजच्या काचेच्या कपाटात, सात रंगवलेल्या चेंडूंच्या शेजारी ठेवलेला मी एक जुना चामड्याचा टोप आहे. आमच्याकडे जिंकलेल्या सामन्याच्या चेंडूवर गुण रंगवून तो जपण्याची रीत आहे. मी मात्र चेंडू नाही, आणि माझ्यावरचे आकडे विजयाचे नाहीत.

१९०५ च्या उन्हाळ्यात गावातल्या खोगीर शिवणाऱ्याने मला घडवले. वर गाईचे कातडे, आत लोकरीचा नमदा, कानांपाशी भोके. मला मागवले होते बाख्टेलबाईंनी. चेंडू हातात घेऊन एकमेकांवर धडकायच्या आमच्याकडच्या फुटबॉलमध्ये त्या वर्षी मैदानावर दगावलेल्या मुलांच्या बातम्या वर्तमानपत्रांत येत होत्या. त्यांनी मुलाला, ऑर्विनला, निक्षून सांगितले होते, "डोक्यावर हे असेल तरच खेळायचं."

संघात टोप घालणारा तो एकटाच. कर्णधार सायलस ग्रीर त्याला चिडवी, "काय रे, आईनं दुपटंही पाठवलंय का?"

"पाठवलंय ना. तुझ्या नाकाला गुंडाळायला," ऑर्विन म्हणे. सायलसचे नाक दोनदा मोडलेले होते.

सहा सामने आम्ही जिंकलो. माझ्यावर गुडघे आदळले, बूट आदळले. दर वेळी मला वाटे, आपला नमदा पुरेसा जाड आहे ना? सातव्या सामन्यात तीन जण एकदम अंगावर आले आणि माझ्या आत ऑर्विनचे डोके असे हादरले, की ते मला अजून विसरता येत नाही. माझी एक शिवणही उसवली नाही. म्हणूनच सगळे निर्धास्त राहिले. तोही सामना आम्ही जिंकलो, पण नंतर ऑर्विन शेडच्या मागे जाऊन ओकला, हे फक्त मला ठाऊक होते. मी त्याच्या काखेत होतो.

तेव्हाच्या नियमाप्रमाणे एकदा बाहेर गेलेला गडी त्या सामन्यात परत येऊ शकत नसे. त्यामुळे दुखले तरी कुणी बोलत नसे, आणि न बोलण्याचेच कौतुक होई.

शेवटचा सामना नोव्हेंबरअखेरीस, थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या दिवशी, नदीपलीकडच्या कॉलेजशी होता. कपाटात आठव्या चेंडूसाठी जागा आधीच मोकळी करून ठेवली होती. त्या सकाळी ऑर्विनने मला उलटे घातले, मागची बाजू कपाळावर. पोरे हसली, सायलसही हसला. ऑर्विन हसला नाही आणि त्याने मला सरळही केले नाही. शेवटी सायलसनेच मला फिरवून पट्टा आवळला. त्याची बोटे क्षणभर पट्ट्यावरच थांबली. मला वाटले, आता तरी विचार त्याला. पण शिट्टी झाली.

मध्यंतरापर्यंत गुण शून्य-शून्य होते. दुसऱ्या डावात सायलसने खुणेचे आकडे पुकारले. ते ऑर्विनने उजवीकडे धावावे यासाठी होते. ऑर्विन जागचा हलला नाही. सायलस जवळ आला.

"बरा आहेस ना?"

"ठीक आहे मी."

सायलस वळला, दोन पावले गेला आणि परत आला. "ऑर्विन, मागच्या शनिवारी आपण कुणाशी खेळलो?"

ऑर्विन म्हणाला, "मागच्या शनिवारी? आपला आजचा पहिलाच सामना ना?"

सायलसने काठावर बसलेल्या राखीव गड्याकडे, वॉल्डोकडे पाहिले. तो फारच हडकुळा होता. मग सायलसने पंचांना हाक मारली. "याला बाहेर घेतोय."

"सायलस, असं करू नकोस," ऑर्विन म्हणाला. "मी परत येऊ शकणार नाही."

"माहीत आहे मला. चल."

शेवटच्या मिनिटांत प्रतिस्पर्ध्यांनी वॉल्डोच्याच बाजूने मुसंडी मारली. आम्ही पाच-शून्य हरलो. गावात कित्येक दिवस सायलसशी कुणी धड बोलले नाही. डॉक्टरांनी ऑर्विनला सहा आठवडे अंधाऱ्या खोलीत निजवून ठेवले. आणखी एक धक्का बसला असता तर काय झाले असते, हे त्यांनी बाख्टेलबाईंना सांगितले, तेव्हा त्या खाली बसल्या आणि त्यांनी मला मांडीवर घेतले.

वसंतात सायलसने मला बाख्टेलबाईंकडून मागून नेले, माझ्यावर पांढऱ्या रंगात ०-५ असे लिहिले आणि त्या मोकळ्या जागेत ठेवले. प्राचार्यांनी कारण विचारले, तर म्हणाला, "यंदाचा आठवा हाच आहे, सर."

आता माझे कातडे तडकले आहे. मुले चेंडूंपाशी थांबतात आणि मला ओलांडून पुढे जातात. त्याचे मला दुःख नाही. मित्रांनो, टोप जरूर घाला, पण त्याच्या भरवशावर निर्धास्त राहू नका. सोबती 'ठीक आहे' म्हणाला तरी दोन पावलांवरून परत फिरा आणि त्याला पुन्हा विचारा. सातव्या सामन्यानंतरच्या त्या आठवड्यात मला सगळे ठाऊक होते; पण मला तोंड नव्हते.