सोनखताचा गाडा

मित्रांनो, जळगाव जामोदच्या नगरपालिकेच्या आवारात, कडुनिंबाखाली तुम्ही पाहता तो गंजका गाडा मीच. महाराष्ट्र राज्य नुकतेच झाले होते, तेव्हा लोहाराने माझ्या चाकांवर धावा, म्हणजे लोखंडी पट्ट्या, चढवल्या.

गावाबाहेरच्या खड्ड्यांत मैला आणि केरकचरा थरावर थर रचून मातीने झाकत. काही महिन्यांनी त्याचे काळे, भुसभुशीत सोनखत होई. मैल्याच्या गाड्या वेगळ्या होत्या. मी फक्त तयार खत शेतावर नेई. पण ऐकतो कोण? मी दिसलो की बायका नाकाला पदर लावत, आणि हॉटेलवाला माझ्या गाडीवानाला, सहदेवला, पेला न देता वरून ओंजळीत पाणी ओती.

पहिले खत घेतले सत्यभामाबाईंनी. त्या विधवा होत्या, वांग्यांवर घर चालवत. मूठभर खत चोळून त्यांनी हुंगले. "वास तं नाही येत," म्हणाल्या. तरी विहिरीजवळचा वांग्यांचा एक वाफा त्यांनी खत न घालता कोराच ठेवला.

खतावरची वांगी टपोरी, तुकतुकीत आली. गिऱ्हाईक मळ्यातच येऊ लागले. त्यांचे दीर पंजाबराव मात्र बांधावरून सारखी नजर ठेवून असत. एके दिवशी सहदेव माझ्यातले खत उतरवत असताना ते सगळ्या गिऱ्हाइकांदेखत म्हणाले, "वयनी, तुमच्या चुलीवर कोन्या वाफ्यातले वांगे जातात? विहिरीजवळचेच ना? मी रोज पाहून राह्यलो."

सत्यभामाबाई खाली पाहू लागल्या.

"आमाले खाऊ घालते, अन् सोता खात नाही!" कोणीतरी ओरडले. लोकांनी टोपल्यांतली वांगी तिथेच ओतली. मळा ओस पडला.

सहदेव फावडे धरून उभा होता. तो हळूच म्हणाला, "बाई, माह्या घरी खतावरचेच रांधतात. मले वाटलं, तुमी बी खात असान."

ते शब्द त्यांना फार लागले. त्यांनी खतावरची वांगी तोडली, तीन दगड मांडून भाजली, भरीत केले. बांधावर उभ्या असलेल्या दिराला हाक मारली, "भाऊजी, या. डोयानं पाहा." मग सहदेवला म्हणाल्या, "भाऊ, तुमी बी बसा. माह्यासंगंच जेवा."

पहिला घास त्यांनीच घेतला. तो न चावताच गिळला. दुसरा घास मात्र त्यांनी सावकाश, चव घेत खाल्ला. सहदेवच्या भाकरीवर त्यांनी स्वतःच्या हाताने भरीत वाढले. पंजाबराव आपला घास कितीतरी वेळ हुंगत राहिले, शेवटी खाल्ला.

ही गोष्ट गावभर झाली, तसे गिऱ्हाईक हळूहळू परतले. पुढच्या हंगामात पंजाबरावांनीही मला बोलावले. "मागच्या वाटेनं आन," ते सहदेवला म्हणाले, "अन् वरून गोनपाट झाक बरं!"

आता मित्रांनो, येता-जाता लोक माझ्यात काचा आणि प्लास्टिकच्या पिशव्या टाकतात. त्या कुजत नाहीत, कोणत्याच वाफ्याच्या कामी येत नाहीत. तुम्ही तरी त्या वेगळ्या ठेवा. जे कुजते, ते नीट मुरू द्या आणि मातीला परत द्या. तिची भूक अजून तशीच आहे.