कानसबाईंचा गुण्या

मुलं मला पाठीमागे कानसबाई म्हणतात. म्हणू देत. कानस लोखंड घासते, मी पोरं घासते. सव्वीस वर्षं कारखान्यात फिटर म्हणून काढली आणि मग या इंजिनिअरिंग कॉलेजच्या वर्कशॉपमध्ये आले. तेव्हापासून पहिल्या वर्षाची पोरं माझ्या ताब्यात असतात. परीक्षेत ढीगभर मार्क, आणि हातोडा कुठल्या टोकाला धरायचा ते ठाऊक नाही, अशी ही जमात.

काम साधं असतं. तळहाताएवढी लोखंडी पट्टी घ्यायची आणि तिच्या लगतच्या दोन कडा घासून बरोबर काटकोनात आणायच्या. मी ती गुण्याला लावून खिडकीकडे धरते. गुण्या म्हणजे काटकोन तपासायचं पोलादी हत्यार. पट्टी आणि पात्याच्या मधून उजेड दिसला की पट्टी भंगाराच्या डब्यात जाते.

यंदा एक मुलगी आली, डावखुरी. वर्गाने तिचं नाव डावरी ठेवलं. कानस चालवताना तिचं कोपर शेजारच्याला लागायचं म्हणून मी तिला पार कोपऱ्यातल्या व्हाइसवर, म्हणजे लोखंड आवळून धरायच्या पकडीवर, पाठवलं. पहिल्या आठवड्यात तिने जी पट्टी आणली ती बघून माझं डोकंच फिरलं. फटीतून अख्खी खिडकी दिसत होती.

"हे काय लोणी कापलंयस का?" म्हणत मी पट्टी फेकली. ती टेबलावरच्या गुण्याला लागली आणि दोन्ही खाली गेली. गुण्या मी उचलला, पुसला, जागेवर ठेवला. पट्टी तिने उचलली. वर्ग हसला. मीही हसले, खोटं कशाला बोलू.

त्यानंतर ती माझ्या टेबलाकडे फक्त पट्टी तपासून घ्यायला यायची. बाकीची पोरं धीट. बाकावरचे गुण्ये झिजलेले, म्हणून ती येता-जाता माझाच गुण्या नेत, त्यावर पट्टी जुळवत आणि पास होत. ही मात्र तिच्या सुतार मामाचा जुना गुण्या घेऊन कोपऱ्यात घासत बसायची. दुसरी पट्टी नापास. तिसरी, चौथी, पाचवी. प्रत्येक वेळी तीच केसाएवढी फट. मुकाट्याने ती पट्टी डब्यातून परत काढून दप्तरात टाकायची, आणि तेही मला डोळ्यात खुपायचं.

कॉलेजने नुकतंच एक मदत केंद्र काढलं होतं. मागे पडणाऱ्यांना शनिवारी दुपारी हाताला धरून शिकवायचं म्हणे. त्याचे सर एका शनिवारी इस्त्रीच्या शर्टात आले आणि म्हणाले, "मॅडम, त्या मुलीचं शेवटचं बघा. आज तुमची सही नाही झाली तर तिला परीक्षेला बसता येणार नाही, वर्ष जाईल. घरी परत जाईन म्हणतेय ती."

"जाऊ दे की. पालथ्या घड्यावर किती पाणी ओतू?"

"थोडं गोड बोलून बघा ना."

"लोखंडाला गोड बोलून काटकोन येतो का सर?"

त्या दुपारी वर्कशॉपमध्ये मी, सर आणि ती, असे आम्ही तिघंच होतो. तिने सहावी पट्टी पुढे केली. मी उजेडाकडे धरली. तीच फट.

"नापास."

ती हलली नाही. "मॅडम, माझ्या गुण्यावर बरोबर येतेय."

"तो सुताराचा आहे. लाकडाला चालतो, लोखंडाला नाही."

"मग तुमचा बघू या."

"माझा? नाचता येईना अंगण वाकडं!" मी एवढ्या जोरात ओरडले की सर दचकले. "तू जन्मायच्या आधीपासून हा गुण्या माझ्या हातात आहे!"

तिने पट्टी टेबलावर ठेवली. "पहिल्या तासाला तुम्हीच सांगितलं होतं. ज्याने मोजायचं ते आधी मोजायचं."

सांगितलं होतं. दर वर्षी सांगते. करून शेवटचं कधी बघितलं होतं, ते आठवेना.

तिने लोखंडी पाटावर खडू फासला. पाटाच्या सरळ कडेला मामाचा गुण्या टेकवून सुईने रेघ मारली. गुण्या उलटा करून त्याच ठिकाणाहून दुसरी रेघ मारली. एकावर एक बसली, म्हणजे काटकोन खरा. मग तिने माझ्यापुढे हात पसरला. मी गुण्या दिला. एक रेघ. उलटा. दुसरी रेघ. दोन रेघा खालून एकत्र निघाल्या आणि वर जाऊन फाकल्या.

पहिला आठवडा आठवला. ती फेकलेली पट्टी, खाली पडल्याचा आवाज, गुण्या मी उचलला, पुसला, ठेवला. अंगण वाकडं होतं आणि ते मीच रागाने वाकवलं होतं.

डावरीने दप्तरातून सगळ्या पट्ट्या काढून ओळीने मांडल्या. मी मामाचा गुण्या घेऊन एकेक खिडकीकडे धरली. पहिली खरंच वाईट होती. दुसरी चोख. तिसरी, चौथी, पाचवी, सहावी चोख. दुसऱ्याच आठवड्यात तिला येत होतं, आणि पुढचे चार आठवडे मी तिला येत नाही म्हणून सांगत राहिले.

"माझ्या हातून पडला होता," मी म्हणाले. "चूक माझी."

मला वाटलं रडेल, निदान बरं वाटेल तिला. तिने नुसती वही पुढे केली. मी सही केली. ती वही घेऊन निघून गेली, वळूनही बघितलं नाही. लागलं मला ते.

सर दारापर्यंत जाऊन परत आले. "मॅडम, हे इथेच राहू द्या. बाकी एकोणसाठ जणांचे मार्क वर गेलेत. उगाच बोभाटा कशाला?"

"त्या एकोणसाठ पट्ट्या वाकड्या आहेत सर. माझ्या गुण्यावर जुळवलेल्या."

"तुमचंच नाव खराब होईल."

"तुम्ही तुमची इस्त्री सांभाळा," मी म्हणाले.

सोमवारी वर्गाला सगळं सांगितलं. पट्ट्या पुन्हा घासायच्या म्हटल्यावर मागून आवाज आला, "हिच्यामुळे!" सगळ्या माना कोपऱ्याकडे वळल्या. कोणीतरी तिच्या बाकाला लाथ मारली.

"तिच्यामुळे नाही, माझ्यामुळे," मी ओरडले. "शिव्या मला द्या. पाठीमागे देताच, आज तोंडावर द्या!"

दिल्याही एक-दोघांनी. ऐकून घेतल्या.

दुपारी डावरी पुढचं काम घेऊन टेबलाशी आली. मी नव्या गुण्यासकट हात पुढे केला. तिने पट्टी दिली नाही. माझ्या हातातून गुण्या घेतला, पाटावर रेघ मारली, उलटा केला, पुन्हा रेघ मारली, नीट वाकून बघितलं आणि मग गुण्या आणि पट्टी दोन्ही माझ्या हातात दिली. माझ्याकडे बघितलं नाही. तिच्या मागच्या मुलानेही तेच केलं. त्याच्या मागच्यानेही.

आता रोज असंच चालतं. साठ पोरं, साठ वेळा. तेवढा वेळ मी रिकाम्या हातांनी उभी असते. पाय भरून येतात, पण पुरे म्हणायची माझी हिंमत होत नाही.