राखीव बारा दिवस

“बाबा, हे मधे बारा दिवस ‘राखीव’ लिहिलंय, ते कशासाठी?”

रविवारची सकाळ होती. फोन साखरेच्या डब्याला टेकवून उभा केला होता. वरच्या चौकटीत मुलगा, खालच्या चौकटीत सातव्या महिन्यातली मुलगी. दोघंही परदेशात, एकाच देशात, पण दोन टोकांच्या दोन शहरांत. टेबलाच्या अलीकडे त्यांचे आईवडील बसले होते, आणि त्या दोघांच्या मधोमध आखीव तक्ता पसरलेला. त्याचा फोटो वडिलांनी कालच पाठवला होता.

तक्ते करणं हा त्यांचा हातखंडा. बस डेपोत चौतीस वर्षं वेळापत्रकं आखली; ड्रायव्हर लोक त्यांना ‘टाइमटेबल’ म्हणूनच हाक मारायचे. जगाच्या सुट्ट्यांची सोय लावणाऱ्या या माणसाला स्वतःला मात्र सुट्टीच्या दिवसांत कधी रजा मिळाली नाही. जादा गाड्या तेव्हाच सुटतात ना! त्यामुळे बायकोला घेऊन ते कधी कुठे गेले नव्हते. आता सहा महिन्यांचा व्हिसा आला होता. चौऱ्याऐंशी दिवस मुलाकडे, चौऱ्याऐंशी मुलीकडे. कुणाला बोलायला जागा नको म्हणून अगदी मोजूनमापून. उरले बारा.

ते बारा दिवस तिकडच्याच डोंगरातल्या एका तळ्याकाठी काढायचे होते. दोघांनीच. डेपोतल्या जुन्या कॅलेंडरवर त्या तळ्याचं चित्र होतं, ते पान त्यांनी जपून ठेवलं होतं. आणि घाई अशी की बायकोच्या डोळ्यांचा पडदा झिजत चालला होता. “जे बघायचंय ते या वर्षात बघून घ्या,” असं डॉक्टरांनी सरळ सांगितलं होतं. पोरांना हे कळता कामा नये, निदान पोरीचं बाळंतपण होईपर्यंत तरी, अशी तिने शपथ घातली होती.

पण साठी उलटलेल्या माणसाने ‘आम्ही दोघं तळ्यावर जाणार’ असं पोरांच्या तक्त्यात लिहायचं कसं? त्यांना लाज वाटली. हाताला सवय होती तो शब्द त्यांनी लिहून टाकला.

“असेच ठेवलेत. मोकळे,” ते म्हणाले.

“मग बरंच झालं,” मुलगा म्हणाला. “बाबा, रागावू नका, पण तुम्ही दोघं एकदम एकाकडे म्हणजे दुसऱ्याची पंचाईत. तुमच्या सुनेची नोकरी सुरू होतेय, मुलांना शाळेतून आणायला कुणी नाही. ताईला आई हवीच. म्हणून आम्ही काय ठरवलं, कायम एकजण इकडे, एकजण तिकडे.”

“आई आधी माझ्याकडे,” मुलगी म्हणाली. “नव्वद दिवसांनी अदलाबदल. बाबा, तेव्हा मी कामावर जाणार, तुम्ही बाळाला सांभाळाल ना? राखीव दिवसही त्यातच धरलेत, वाया नको जायला.”

ते काही बोलणार तोच टेबलाखाली बायकोचा हात त्यांच्या गुडघ्यावर आला आणि घट्ट दाबून राहिला. त्या हाताचा अर्थ कळायला त्यांना तक्ता लागत नव्हता.

“चालेल की,” ती फोनकडे बघून हसत म्हणाली. बघत होती ती जरा डावीकडे, साखरेच्या डब्याकडे. पोरांच्या ते लक्षात आलं नाही.

फोन बंद झाल्यावर त्यांनी तक्ता पुढे ओढला. दोष पोरांचा नव्हता. पोरं आपापल्या संसारात गळ्यापर्यंत बुडालेली. चूक त्यांची स्वतःचीच, आणि तीही त्यांनी करावी? डेपोत राखीव गाडी कोपऱ्यात उभी असायची. कुठे टायर फुटला, कुठे इंजिन बसलं, की पहिली ती जायची. किती वेळा त्यांनीच सही करून ती दिली होती. राखीव म्हणजे कुणाचीच नसलेली, हे त्यांच्याइतकं दुसऱ्या कुणाला ठाऊक होतं?

“बोलू का पुन्हा? लावू फोन?” त्यांनी विचारलं.

“अहो, काय सांगणार? एक सांगायला गेलात की दुसरं निघेल. पोर सातव्या महिन्यात आहे.”

“अगं पण तळं...”

“तुम्ही इतक्यांदा सांगितलंय की मला पाठ झालंय ते.”

इतकी वर्षं हजारो माणसांना वेळेवर पोचवलं आणि हिला एका तळ्यापर्यंत नेता येत नाही, याचा त्यांना स्वतःचाच राग आला. पण रागाचं करायचं काय? त्यांनी कोरा कागद घेतला आणि सवयीने नवा तक्ता आखायला घेतला. तिची रेघ लाल, त्यांची निळी. एक वरून खाली, एक खालून वर. नव्वदाव्या दिवशी दोन्ही रेघा एकमेकींना छेदत होत्या. मुलाने फोननंतर लगेच पाठवलेल्या, अदलाबदलीच्या दिवसाच्या विमानांच्या वेळा त्यांनी ताडून पाहिल्या. दोघांनाही विमान बदलायचं होतं, ते एकाच विमानतळावर.

“तीन तास दहा मिनिटं,” ते म्हणाले. “तू तिकडून येशील, मी इकडून. तेवढा वेळ दोघंही तिथे.”

डेपोत दोन गाड्या रस्त्यात जिथे समोरासमोर येतात, तिथे ते तक्त्यात गोल करायचे. तिथे ड्रायव्हर गाडी हळू करून एकमेकांना हात दाखवत. तसाच बारीक गोल त्यांनी या छेदावरही काढला.

“तिथे मोठी खिडकी असेल?” तिने विचारलं.

“असेल. मोठ्या काचा असतात.”

“मग तिथे बसू. बाहेर काय दिसतंय ते तुम्ही सांगा.” ती कागदावर वाकली. नाक टेकेल इतकी वाकली. “कुठे आहे तो गोल? मला नाही सापडत.”

त्यांनी तिचं बोट धरून त्या जागेवर ठेवलं. मग ड्रॉवरमधला जाड मार्कर काढला, आणि तिला दिसेपर्यंत त्याच गोलावरून पुन्हा पुन्हा फिरवत राहिले.