तिने ‘हं’ म्हटल्याशिवाय

बायकोच्या छातीत गाठ आहे हे कळलं, त्या दिवशी माझ्या टेबलावर एका बँडवाल्याचा लाल कोट होता. बाह्या लावायच्या बाकी होत्या. ती आतून आंघोळ करून आली, ओल्या केसांनीच, आणि म्हणाली, "मास्तर, इथे जरा हात लावून बघा." मी शिंपी, म्हणून सगळे मला मास्तर म्हणतात. तीही म्हणायची, निम्मं चेष्टेने. मी हात लावला. बटणाएवढं काहीतरी टणक लागलं. मी म्हणालो, "काही नसेल." पण त्या दिवशी बाह्या लावायला मन झालं नाही.

तपासण्यांत कर्करोग निघाला.

पुढचं सांगण्याआधी आमच्या दुकानाची एक पद्धत सांगायला हवी. लग्नानंतरच्या पहिल्याच वर्षी मी एका नवरदेवाच्या कोटाच्या दोन्ही बाह्या डाव्या कापल्या. कापड कुठेच मिळेना. शेवटी तिनेच तुकडा जोडून अशी काही बाही केली की जोड शोधून सापडू नये. तेव्हापासून ठरलं. मी खडूने आखायचं, टेपचं एक टोक मी धरायचं, दुसरं तिने, आणि तिने मापं ताडून ‘हं’ म्हटल्याशिवाय कात्री चालवायची नाही. एकतीस वर्षं हे पाळलं. गिऱ्हाईक घाईत असलं आणि ती चुलीपाशी असली, तर गिऱ्हाइकाने थांबायचं.

डॉक्टरीणबाई तरुण होत्या. त्यांनी कागदावर पेनाने छाती काढली, गाठीच्या जागी ठिपका दिला आणि दोन वाटा सांगितल्या. एक, फक्त गाठ काढायची आणि नंतर काही आठवडे रोज येऊन किरण घ्यायचे. दुसरी, ती बाजू पूर्ण काढायची. "तुमच्या बाबतीत दोन्हींनी आयुष्य सारखंच मिळेल असा आमचा अंदाज आहे," त्या म्हणाल्या. "म्हणून हे तुम्ही ठरवायचं, आपण मिळून. बाई, तुम्हाला काय वाटतं?"

ती म्हणाली, "यांना विचारा."

"यांना नंतर. आधी तुम्हाला."

ती खुर्चीचा काठ चाचपत होती. शिवण तपासताना चाचपते तशी. विचार करत होती, एवढंच. मला ते आज कळतं. तेव्हा मला ती बावरलेली दिसली, आणि बावरलेल्या गिऱ्हाइकाचं आपण ठरवून टाकायचं ही माझी सवय. मी म्हणालो, "सगळं काढून टाका, डॉक्टर. मागे काही ठेवू नका."

डॉक्टरीणबाईंनी घाई केली नाही. एक छोटी पुस्तिका दिली. तुम्हाला कशाची जास्त भीती वाटते, नंतर आरशात बघताना काय वाटेल, रोज येणं जमेल का, असे प्रश्न, आणि खाली रिकाम्या ओळी. आठवड्याने भरून आणा म्हणाल्या. ती पुस्तिका मी कापायच्या टेबलावर बसून भरली. बायको माझ्यापासून तीन हातांच्या अंतरावर बसून काज करत होती. मी एकही प्रश्न तिला मोठ्याने वाचून दाखवला नाही. शेवटी सहीपुरती तिच्यापुढे सरकवली. तिने दाताने दोरा तोडला आणि सही केली.

माझी मेहुणी तिखट आहे. तिने ती पुस्तिका चाळली आणि म्हणाली, "भावजी, अक्षर तुमचं. माप कोणाचं घेतलंय?"

"ताई, गप्प बस गं," बायको म्हणाली. पण हसली नाही.

ऑपरेशन झालं. ती बरी झाली, कामाला लागली. जन्मभर लोकांचे कोट शिवले आणि तिला स्वतःचा एकही नव्हता, म्हणून मी राखाडी लोकरीचं कापड आणलं. चांगलं, जड, हातावर घेतलं की छान सरळ पडणारं. मी आखलं. डाव्या बाजूला आतून कापसाची गादी धरली, दोन्ही बाजू सारख्या दिसाव्यात म्हणून. टेपचं टोक तिच्याकडे दिलं. तिने मापं बघितली, परत बघितली, आणि ‘हं’ म्हणाली नाही.

"काय चुकलं?"

"काही नाही. राहू दे थोडे दिवस."

मी घडी घालून ठेवलं. विचारायला हवं होतं. विचारलं नाही.

चार वर्षांनी तिची पाठ दुखायला लागली. हाडांत उतरलं होतं. डॉक्टरीणबाई म्हणाल्या, आधीच्या निर्णयामुळे हे झालेलं नाही, ते मनातून काढा. मग त्यांनी पुन्हा दोन वाटा सांगितल्या. आणखी एक औषध, त्याने कदाचित काही महिने मिळतील, पण त्रास होईल. किंवा ते न घेता फक्त दुखणं कमी ठेवायचं आणि घरी राहायचं. पुन्हा पुस्तिका. मेहुणीचं बोलणं मला चार वर्षं टोचत होतं, म्हणून या वेळी मी ओठ घट्ट मिटले. घरी आल्यावर म्हणालो, "तूच सांग. तुझं शरीर आहे."

तिने पेन्सिल खाली ठेवली. "वा, मास्तर. मागच्या वेळी सगळं तुम्हीच बोललात, आता तोंडाला टाका घातलात. मी एकटीने टेप कशी धरू?"

मी म्हणालो, "मला वाटलं, तुला तसं हवं असेल."

"तेच तर. तुम्हाला नेहमी वाटतं."

मग त्या दुपारी आम्ही दुकान बंद ठेवलं. भर दिवसा दुकान बंद, तर शेजारचा घड्याळवाला दार वाजवून विचारून गेला. मी पुस्तिकेतला एकेक प्रश्न मोठ्याने वाचला. ती सांगायची, मग मी. तिला ओकाऱ्यांची भीती होती, मरणाची तेवढी नव्हती. मला ती आणखी काही महिने हवी होती, आणि मी ते सांगितलं. ती म्हणाली, "हे आधी का नाही बोललात?" शेवटी ठरलं, दोनदा औषध घेऊन बघायचं, आणि ती म्हणेल तिथे थांबायचं.

मी विचारलं, "त्या वेळी मी थांबलो असतो, तर तू काय सांगितलं असतंस?"

"कदाचित तेच. सगळं काढा."

"मग?"

"मग ते माझं झालं असतं. आणि त्या कोटात गादी नको मला. मी जशी आहे तसा शिवा."

पहिल्या औषधानंतर नऊ दिवस तिच्या पोटात पाणी ठरलं नाही. दहाव्या दिवशी ती म्हणाली, "बस झालं." मला नको म्हणायचं होतं. मी तिचा हात धरला आणि ‘हं’ म्हणालो.

कोटासाठी मी पुन्हा माप घेतलं. गादी काढली, डावी बाजू सपाट आखली. पण ती वाळत चालली होती. दर आठवड्याला जुना खडू झटकायचा आणि आत नवी रेघ मारायची. ती पलंगावरून बघायची आणि म्हणायची, "थांबा, अजून बसत नाही." शेवटचं माप घेतलं तेव्हा टेपचं तिच्याकडचं टोक हातातून सुटलं. मी ते उचलून परत तिच्या बोटांत दिलं. तिला झोप लागली होती. ती तिसऱ्या दिवशी गेली.

याला सात महिने झाले. बाकीची कामं मी करतो. आखतो, टेपचं दुसरं टोक टेबलाच्या कडेला खिळ्याला अडकवतो, कापतो. बाह्या उजव्या-डाव्या नीट येतात. तरी कात्री लावायच्या आधी मी आतल्या खोलीकडे बघून थांबतो. गिऱ्हाईक विचारतं, काय झालं मास्तर, आणि मी काही नाही म्हणतो.

राखाडी कापड टेबलाच्या दुसऱ्या बाजूला पसरलेलं आहे. त्यावर शेवटच्या खडूच्या रेघा आहेत. ते कापायचं राहिलं आहे.